नवा बल्ब लगेच का उडतो?

मुलांनो, दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या रस्त्यांवर वेगळीच गर्दी सुरू होते. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतली ऊसतोड कुटुंबं साखर कारखान्यांकडे निघतात. ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉल्या, त्यांत धान्याची पोती, भांडीकुंडी आणि वर बसलेली तुमच्याच वयाची पोरं! प्रवास पुष्कळदा रात्रीचा. अशा वेळी शेवटच्या ट्रॉलीचा लाल दिवा विझलेला असेल, तर मागून भरधाव येणाऱ्याला पुढे ट्रॉली आहे हे कळणार कसं? पुढचा दिवा गेला की ड्रायव्हरला लगेच समजतं. मागचा गेलेला त्याला दिसतच नाही.

‘‘परवाच तर नवा बसवला होता, लगेच उडाला!’’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मग ‘‘हल्ली मालच हलका येतो’’ असं म्हणायचं आणि दुसरा बल्ब बसवायचा. कधीकधी माल हलका असतोही. पण सारखाच बल्ब उडत असेल, तर खरा चोर बहुधा गाडीतच लपलेला असतो.

तो पकडायचा असेल तर उडालेला बल्ब फेकू नका. उजेडात धरून नीट बघा. आत केसासारखी बारीक, वळसे घातलेली टंगस्टनची तार असते. लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं, टंगस्टन ३४२२ अंशांना. म्हणून तर ही तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापूनही टिकते. तरी तिचे कण हळूहळू उडत राहतात आणि काचेला आतून चिकटतात. काच आतून काळपट झाली असेल, तर बल्ब म्हातारा होऊन गेला किंवा त्याला जास्त व्होल्टेज मिळालं.

हे जास्तीचं व्होल्टेज फार खोडकर. गाडीच्या १२ व्होल्टच्या बल्बचं आयुष्य साधारण साडेतेरा व्होल्टवर मोजतात. त्यापेक्षा नुसतं ५ टक्के जास्त मिळालं, तर आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. १५ व्होल्ट मिळाले तर उरतं सुमारे चौथाई! इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर लावला, तर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. त्याहून बरंच जास्त दिसलं तर रेग्युलेटर बिघडला समजा. बॅटरीची टर्मिनल ढिली असली तरी व्होल्टेज उसळ्या मारतं.

काच स्वच्छ, पण तार तुटलेली दिसते? मग संशय धक्क्यांवर. तापलेली तार नाजूक असते, आणि पुष्कळ ट्रॉल्यांना कमानपाटे नसतात. खड्ड्यातला प्रत्येक दणका थेट दिव्यापर्यंत पोचतो. होल्डर ढिला असेल तर बल्ब आत थडथडतो, आणि दिवा सारखा लागतो-विझतो. तेही वाईटच. कारण गार तारेतून पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट वीज धावते. बल्ब बहुधा बटण दाबतानाच का जातो, ते आता कळलं ना? यावर उपाय साधा: होल्डर घट्ट करायचा, गंज घासायचा आणि दिव्याखाली रबराचा तुकडा द्यायचा.

आणि काच आतून दुधासारखी पांढरी झाली असेल, तर तिला चीर पडून हवा आत शिरली आहे. दिव्याची बाहेरची लाल काच फुटलेली असेल, तर पावसाचा एक थेंब तापलेल्या बल्बवर पडला तरी पुरे.

पुढच्या हॅलोजन बल्बची तऱ्हा निराळी. त्याच्या काचेला बोट लावायचं नाही! बोटाचं तेल आणि घामातलं मीठ तिथे भाजलं जातं, काच त्या जागी कमजोर होते आणि फुगते. स्वच्छ फडक्यानेच तो धरावा.

ट्रॉलीमागे चमकणारी पट्टी चिकटवतात, तिला आपण ‘रेडियम’ म्हणतो. तिच्यात रेडियम मुळीच नसतं. मागच्या गाडीचा उजेड तिच्यावर पडला तरच ती चमकते. बल्ब उडाला तरी ती असतेच, म्हणून दोन्ही हवेत. मात्र धुळीने माखली की तीही मुकी होते; ओलं फडकं फिरवायला हवं.

निघण्याआधीची तपासणी मिनिटभराची आहे. ड्रायव्हरकाकांनी दिवे लावून ब्रेक दाबायचा, आणि तुम्ही मागे, रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभं राहून ओरडायचं: ‘‘डावा लागला! उजवा नाही!’’