सेकंदाला बारा कोटी ठिपके

फुल एचडी स्क्रीनवरची एक फ्रेम आडवी १,९२० आणि उभी १,०८० ठिपक्यांची असते. गुणाकार केला की २०,७३,६०० ठिपके. गेम सेकंदाला ६० फ्रेमने रेकॉर्ड करायचा, तर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख १६ हजार ठिपके टिपावे लागतात. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरसाठी मिरजेहून पाणी आणणारी पन्नास वाघिणींची जलदूत एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर आणायची. ठिपक्याला एक लिटर धरा, एका फ्रेमलाच जवळपास ती अख्खी गाडी लागते. आणि अशा जवळपास पन्नास गाड्या दर सेकंदाला.

नांदेड-लातूरकडची पोरं हप्त्याने घेतलेल्या लॅपटॉपवर गेम खेळून मराठीत व्हिडिओ करू बघतात, तेव्हा तक्रार ठरलेली: "गेम स्मूथ चालतोय, पण रेकॉर्डिंग लावलं की अडकतंय." मग लॅपटॉपला डबडं ठरवून मोकळं व्हायचं. मला हा त्या यंत्रावरचा अन्याय वाटतो.

६० फ्रेमच्या हिशेबात एका फ्रेमच्या वाट्याला १६.६७ मिलिसेकंद येतात. तेवढ्या वेळात आवाज सहा मीटरही जात नाही. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची तबकडी बरोबर दोनदा फिरते. एवढ्यात गेमने चित्र काढायचं, रेकॉर्डरने ते उचलायचं, दाबून लहान करायचं. वेळ चुकली की फ्रेम गेली.

लहान करणं टाळता येत नाही. ठिपक्याला तीन बाइट धरले तर कच्चा व्हिडिओ सेकंदाला ३७ कोटी ३२ लाख बाइट होतो. ५१२ जीबीची रिकामी एसएसडी २३ मिनिटांत भरेल. यूट्यूब अशा व्हिडिओच्या अपलोडसाठी सेकंदाला १२ मेगाबिट सुचवतं. म्हणजे मूळ मालाचा सुमारे अडीचशेवा भाग.

हे काम एन्कोडरचं. एच.२६४ पद्धतीत फ्रेमचे १६ बाय १६ ठिपक्यांचे ८,१६० चौकोन पडतात, सेकंदाला ४,८९,६००. प्रत्येक चौकोन आधीच्या फ्रेममध्ये कुठे होता, हे शोधायचं असतं. चारी बाजूंना १६ ठिपक्यांपर्यंत एकही जागा न सोडता शोधलं, तर प्रत्येक चौकोनासाठी १,०८९ जागा आणि दर जागी २५६ वजाबाक्या. सेकंदाला १३,६४९ कोटी वजाबाक्या! म्हणून एन्कोडर मोजक्याच जागा तपासतो. किती, ते आपण निवडलेल्या प्रीसेटवर ठरतं. प्रीसेट 'स्लो'वर ठेवून प्रोसेसरला दोष देण्यात अर्थ नाही. २०११ पासून इंटेलच्या आणि २०१२ पासून एनव्हीडियाच्या अनेक चिप्समध्ये याच कामासाठी वेगळा भाग असतो. रेकॉर्डिंग तिकडे वळवलं की प्रोसेसर गेमसाठी मोकळा राहतो.

पण आधी फ्रेम कुठे हुकतेय ते बघा. ओबीएस या मोफत सॉफ्टवेअरमधलं स्टॅट्सचं पान रेकॉर्डिंग चालू असताना उघडं ठेवा. रेंडरिंग लॅगचा आकडा चढत असेल तर ग्राफिक्स कार्डची दमछाक होतेय: गेमची फ्रेम मर्यादा ६० वर बांधा, ओबीएस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. एन्कोडिंग लॅग चढत असेल तर प्रीसेट हलका करा किंवा एन्कोडर बदला. नेटवर्कमुळे गळालेल्या फ्रेमचा आकडा फक्त लाइव्हसाठी असतो. नुसतं रेकॉर्डिंग करताना नेटचा महागडा पॅक मारून काही होत नाही, ते पैसे वाचवा.

पहिली वीस मिनिटं ठीक, मग अडकायला लागलं, तर उष्णतेवर संशय घ्या. चिप ९५ अंशांच्या आसपास पोचली की स्वतःहून वेग कमी करते. २५ अंशांच्या खोलीत तिला ७० अंशांची मोकळीक असते. मे महिन्यात नांदेडच्या पत्र्याखालच्या ४३ अंशांच्या खोलीत ५२ अंशांची. ढोबळमानाने थंड होण्याची पाव क्षमता खेळ सुरू होण्याआधीच गेली. पंख्याच्या जाळीत धूळ साचली असेल तर आणखी. जाळी साफ करा, लॅपटॉप गादीवर ठेवू नका, चार्जर लावूनच खेळा.

लोडशेडिंगच्या गावात फाइल एमकेव्हीमध्ये घ्या. साध्या एमपी४ ची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. मध्येच लाइट गेली आणि पीसी बंद पडला की तासाभराची फाइल उघडतच नाही. एमकेव्हीत तोवरचं रेकॉर्डिंग शाबूत राहतं, नंतर ओबीएसमध्येच एमपी४ करता येतं.

एवढं करूनही अडकलं, तर ७२० पी आणि ३० फ्रेम लावा. सेकंदाला २ कोटी ७६ लाख ४८ हजार ठिपके उरतात, भार बरोबर साडेचार पटीने उतरतो. नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायला बाजारात जाण्याआधी हा बदल एकदा करून पाहाच.