ऑर्नेट कोलमन आणि मुक्त जॅझ

वाचकहो, एखादा वादक खरोखरच बेसूर वाजवतो आहे, की त्याचा सूर आपल्या कानांना अजून ओळखीचा नाही, हे ठरवायचे कसे? प्रश्न साधा वाटतो खरा. पण अमेरिकेतील एका सॅक्सोफोनवादकाला जन्मभर या प्रश्नाने पिच्छा पुरवला. त्याचे नाव ऑर्नेट कोलमन. ज्याला 'मुक्त जॅझ' म्हणतात, त्या संगीताच्या प्रवर्तकांत त्याची गणना होते. त्याची ध्वनिमुद्रिका मी प्रथम ऐकली, तेव्हा पाच मिनिटांतच बंद केली होती, हे आधीच कबूल केलेले बरे.

कोलमनचा जन्म १९३० साली टेक्सास राज्यातील फोर्ट वर्थ येथे एका गरीब निग्रो कुटुंबात झाला; त्या काळी हाच शब्द रूढ होता, आज आपण कृष्णवर्णीय म्हणतो. वडील लवकर गेले. आई शिवणकाम करी. पोराच्या हातात सॅक्सोफोन आला तो वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास. पण शिकवायला गुरू कुठला? तो आपला आपणच शिकला. पुढे नाचगाण्याच्या फिरत्या संचांत वाजवू लागला. १९४९ साली लुइझियानातील बॅटन रूझ गावी त्याचे वादन न रुचलेल्या लोकांनी त्याला बेदम मारले आणि वाद्यही मोडून टाकले.

मग तो लॉस एंजलिसला गेला. तिथे एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालवण्याची नोकरी धरली आणि फावल्या वेळात संगीतशास्त्राची पुस्तके वाचू लागला. नवे पितळी वाद्य परवडेना, म्हणून १९५४ मध्ये त्याने पांढरा प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन घेतला. लोकांना तेही हसण्याचे निमित्त झाले. तो मंचावर चढला की दुसरे वादक उतरून जात!

इतका राग यावा असे तो करीत तरी काय होता? हे समजण्यासाठी जॅझची रीत थोडी पाहू. तीन-चार स्वर एकदम वाजवले की जो स्वरमेळ होतो, त्याला कॉर्ड म्हणतात. प्रत्येक गाण्याला अशा कॉर्डांची एक ठरलेली माळ असते. ती आपल्या तालाच्या आवर्तनासारखी पुन्हा पुन्हा फिरते. वादकाने उपज करायची ती या माळेला धरून. ज्या क्षणी जी कॉर्ड असेल, तिला शोभतील असेच स्वर घ्यायचे. कोलमन म्हणाला, असे का? माझी चाल जिकडे जाईल, तिकडे साथीने यावे. साथीच्या मागे चालीने का फरफटत जावे? १९५९ च्या ध्वनिमुद्रिकांत तर कॉर्ड वाजवणारा पियानोच त्याने संचात ठेवला नाही. त्याच्याबरोबर होते डॉन चेरी, चार्ली हेडन आणि बिली हिगिन्स.

आता आपण म्हणाल, यात नवल ते काय? आपला गवई तंबोऱ्यावर राग आळवतो; त्याला कुठे असते कॉर्डांचे कुंपण? बरोबर आहे, आणि म्हणूनच कोलमनचा हट्ट आपल्याला लवकर उमगावा. पण गवयाला षड्ज असतो, रागाचे नियम असतात. कोलमन आधारस्वरसुद्धा मधेच सोडून दुसरीकडे जाई. तो कुठे गेला, हे साथीदारांनी केवळ कानांनी हेरायचे! नियम गेले म्हणजे काम सोपे झाले, असे नव्हे. उलट प्रत्येकाला दुसऱ्याचे दुप्पट लक्ष देऊन ऐकावे लागले. मुक्त जॅझमधली खरी शिस्त ती हीच.

नोव्हेंबर १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' क्लबात हा संच वाजवू लागला. दोन आठवड्यांचा करार लांबत लांबत अडीच महिन्यांवर गेला. संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइन खूश झाला. तर ट्रम्पेटवादक रॉय एल्ड्रिजला वाटले, हा गडी लोकांना चक्क बनवतो आहे. पुढच्या वर्षी, २१ डिसेंबर १९६० रोजी, कोलमनने चार-चार वादकांचे दोन संच एकदम बसवून 'फ्री जॅझ' ही सुमारे ३७ मिनिटांची ध्वनिमुद्रिका केली. एक संच डाव्या बाजूने ऐकू येतो, दुसरा उजव्या. या मुद्रिकेवरूनच पुढे साऱ्या पंथाला नाव मिळाले.

नाव झाले, पण पोट भरले नाही. मिळणारा मोबदला आपल्या कामाच्या मानाने फारच थोडा आहे, असे त्याला वाटे. १९६२ च्या अखेरीपासून दोन-एक वर्षे तो मंचापासून दूर राहिला. त्या काळात तो व्हायोलिन आणि ट्रम्पेट शिकला, तेही गुरूविनाच! १९६७ मध्ये त्याला गुगनहाइम शिष्यवृत्ती मिळाली, १९७२ मध्ये त्याची 'स्काइज ऑफ अमेरिका' ही रचना लंडनच्या सिंफनी वाद्यवृंदाने वाजवली, आणि २००७ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, 'साउंड ग्रामर' या मुद्रिकेसाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले. ११ जून २०१५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले.

तेव्हा वाचकहो, आपणही एकदा ऐकून पाहा. सुरुवात 'फ्री जॅझ'पासून नको. 'लोनली वुमन' ही छोटी रचना घ्या. खाली ठेका द्रुत लयीत धावतो आहे आणि वर दोन वाद्ये विलंबितात हळूहळू शोक करताहेत, असे ऐकू येईल. पहिल्या खेपेस कान कुरकुरतील. कुरकुरू द्या, दुसऱ्यांदा ऐका. मी ती पाच मिनिटांत बंद केलेली मुद्रिका काही वर्षांनी पुन्हा लावली, तेव्हा ती शेवटपर्यंत ऐकली. मुद्रिका तीच होती. कान मात्र तेच राहिले नव्हते. ज्याला आपण बेसूर म्हणून निकालात काढतो, त्याला निदान दुसरी संधी द्यावी, एवढे मी त्यातून शिकलो.