नेटवर्क कार्ड : थोड्या खर्चात दुकानाचा कॉम्प्युटर पुन्हा कामाला

हाताने बिल लिहिणारी दुकाने आता कापडाच्या पेठेत थोडीच उरली आहेत. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागू झाले. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना, व्यापाऱ्याला माल विकताना ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले. त्यामुळे कॉम्प्युटरचे नेटवर्क बंद पडले की गाठी बांधून तयार, टेम्पो दारात उभा, पण माल हलत नाही, अशी अवस्था होते.

अशा वेळी मेकॅनिक सांगतो, "लॅनचा पोर्ट गेला, मदरबोर्ड बदला." घाईत असलेला दुकानदार नवा कॉम्प्युटरच घेऊन टाकतो. पुष्कळदा या खर्चाची काहीच गरज नसते. साधारण हजार रुपयांच्या आत मिळणारे वेगळे नेटवर्क कार्ड बसवले की तोच कॉम्प्युटर पुन्हा चालू लागतो.

आधी दोष शोधा

मागात सूत कितीही चांगले असो, धोटा अडला की माग थांबतो. नेटवर्कचेही तसेच आहे. म्हणून कार्ड घेण्याआधी केबल बदलून पाहा, स्विचचा दुसरा पोर्ट वापरून पाहा, तीच केबल दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहा. तिकडे दिवा लागला आणि आपल्या कॉम्प्युटरच्या पोर्टवर लागला नाही, तर दोष बहुधा पोर्टचा समजावा.

नेटवर्क चालते पण मंद आहे, अशी तक्रार असेल तर विंडोजमध्ये नेटवर्कचा वेग पाहा. गिगाबिट पोर्ट असूनही १०० एमबीपीएस दिसत असेल तर केबलवर संशय घ्या. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एक तार तुटली तरी वेग खाली येतो. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबलही तांब्याची म्हणून खपवली जाते. सुती सांगून मिश्र कापड देण्यासारखाच हा प्रकार आहे. शुद्ध तांब्याची कॅट-५ई किंवा कॅट-६ केबलच मागा.

खरेदी करताना

कॅबिनेट उघडून स्लॉट पाहा. आजचे कार्ड पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसते. लहान स्लॉट अडलेला असेल तर मोठ्या स्लॉटमध्येही लहान कार्ड चालते. फार जुन्या कॉम्प्युटरमधला साधा पीसीआय स्लॉट मात्र वेगळा, त्यात हे कार्ड बसणार नाही. कॅबिनेट सडपातळ असेल तर कार्डाबरोबर छोटी पट्टी मिळते का, ते विचारा. लॅपटॉपला यूएसबी ३.० चे अडॅप्टर घ्यावे.

बसवताना

वीजजोड काढा. मग चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवा. स्लॉटमागची धातूची पट्टी काढा, कार्ड कडेला धरून सरळ दाबा आणि स्क्रू लावा. विंडोज बहुतेक कार्डे स्वतः ओळखते. तरीही ड्रायव्हर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पेन ड्राइव्हवर आधीच आणून ठेवा. नेटच बंद असेल तर ऐनवेळी तो उतरवायचा कुठून? जुना पोर्ट बायोसमध्ये बंद करावा.

एक गोष्ट विसरू नये. प्रत्येक कार्डाचा स्वतःचा मॅक क्रमांक असतो. राउटरमध्ये जुन्या क्रमांकावर आयपी राखून ठेवला असेल, किंवा एखाद्या सॉफ्टवेअरचा परवाना त्याला जोडलेला असेल, तर तेथे नोंद बदलावी लागते. प्रिंटर आणि हिशेबाचा डेटा सर्वांना दिसतो ना, हे तपासल्याशिवाय मेकॅनिकला सोडू नका.

फायदा किती?

१०० एमबीपीएसने सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट जातात. दहा गिगाबाइट डिझाइनच्या फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायला तेरा मिनिटांहून अधिक लागतात. गिगाबिटवर हेच काम दीड ते दोन मिनिटांचे, अर्थात दोन्ही कॉम्प्युटर, स्विच आणि हार्ड डिस्क तेवढ्या ताकदीच्या असतील तर. मात्र इंटरनेटचा प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल, तर गिगाबिट कार्डाने इंटरनेट त्याहून वेगवान होणार नाही. विक्रेत्याच्या अशा आश्वासनाला भुलू नका.

पावसाळ्याआधी

दुकान ते गोदाम अशी तांब्याची केबल उघड्यावरून टाकली असेल, तर विजेच्या कडकडाटात तिच्यातून धक्का येऊन पोर्ट जळू शकतो. दोन इमारतींमध्ये फायबर टाकणे उत्तम. तांब्याच्या केबलची मर्यादा तशीही १०० मीटरची आहे.

सुटी पैसे ठेवतो त्या गल्ल्यात एक जादा कार्ड आणि एक तयार केबल ठेवून द्यावी. ऐन सणासुदीच्या हंगामात बिल अडले तर अर्ध्या तासात काम सुरू होते आणि गिऱ्हाईक परत जात नाही.