शिक्षकाचा हेल, विद्यार्थ्याचा कान

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या श्रवण चाचणीत ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात. प्रश्न ४०, वेळ सुमारे अर्धा तास आणि बोलणारा कधी ब्रिटिश, कधी ऑस्ट्रेलियन. शाळेत वर्षानुवर्षे इंग्रजी शिकलेली मराठी मुले इथे अडखळली, की खापर शिक्षकांच्या मराठी वळणाच्या उच्चारांवर फुटते.

ते पुरते न्याय्य नाही. १९९२ साली अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाच्या डोनाल्ड रुबिन यांनी विद्यार्थ्यांना एका अमेरिकन स्त्रीच्या आवाजातले व्याख्यान ऐकवले. आवाज तोच, पण काहींना सोबत गोऱ्या स्त्रीचा फोटो दाखवला, काहींना आशियाई स्त्रीचा. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना नसलेला परका हेल ऐकू आला, आणि त्यांना व्याख्यान समजलेही कमी! कानाआधी मन ऐकते, ते असे.

१९९५ साली कॅनडात मन्रो आणि डर्विंग या संशोधकांनी मँडरिनभाषकांचे इंग्रजी तपासले. श्रोत्यांनी ज्यांचा हेल जड ठरवला, त्यांचीही कित्येक वाक्ये त्याच श्रोत्यांनी अचूक लिहून काढली होती. पुढे २००३ मध्ये बेंट आणि ब्रॅडलो यांना दिसले, की इंग्रजी शिकणाऱ्याला आपल्याच मातृभाषेच्या, इंग्रजी चांगले येणाऱ्या माणसाचे बोलणे मूळ इंग्रजी भाषकाइतकेच कळते. नवशिक्या मुलाला मराठी बाईंचे इंग्रजी आधार देते, ते उगाच नव्हे.

मग अडते कुठे? मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षर स्वच्छ उच्चारतो. इंग्रजीत शब्दातल्या एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची बरीच दबतात किंवा गिळली जातात. वर्गात ‘कम्फर्टेबल’ ऐकलेल्या मुलाच्या कानावर ध्वनिमुद्रणात ‘कम्फ्टबल’ येते. ‘कप ऑफ टी’चे ‘कपटी’सारखे काहीतरी होते. शब्द पाठ असतो, पण ओळखू येत नाही. म्हणजे उणीव शिक्षकाच्या हेलात नाही, तर मुलाने दहा वर्षे एकाच धाटणीचे इंग्रजी ऐकले यात आहे.

यावरही संशोधन आहे. ब्रॅडलो आणि बेंट यांच्या २००८ सालच्या प्रयोगात चिनी हेलाचे अनेक आवाज ऐकलेल्या अमेरिकन श्रोत्यांना त्याच हेलाचा नवा माणूसही नीट समजला. एकाच आवाजावर सराव केलेल्यांना तो लाभ झाला नाही. आपल्याकडे वेगवेगळे आवाज ऐकवणे क्रिकेटच्या समालोचनातूनही साधता येईल. ऑस्ट्रेलियाचे रिची बेनो, जमैकाचे मायकेल होल्डिंग, आपले हर्षा भोगले: आठवड्यातून एकदा यांच्यापैकी कुणाचा तरी पाच मिनिटांचा तुकडा वर्गात लावावा. मुलांनी ऐकलेले लिहावे आणि गिळलेली अक्षरे बाईंनी फळ्यावर उलगडून दाखवावीत.