नांगर धरणारा मास्तर

चिंचवडहून पवनेच्या काठाने वर गेले की रावेत लागते. पिंपरी-चिंचवड शहराचे पिण्याचे पाणी इथल्याच बंधाऱ्यावरून उचलतात. एके काळचे हे नदीकाठचे शेतकऱ्यांचे गाव. आज इथे उंच इमारती आहेत, बाह्यवळणाचा रस्ता आहे, इंजिनिअरिंग कॉलेज आहे. जमिनीचे मोजमाप एकरावरून गुंठ्यावर आणि गुंठ्यावरून चौरस फुटावर आले. शाळांना तर तोटाच नाही. तरीही, वाचकहो, रावेतपासून थेट मावळ-चाकणपर्यंत कोणत्याही शेतकऱ्याच्या ओसरीवर घटकाभर बसा, एक प्रश्न हमखास निघतो. "एवढं शिकून पोरगं काय शेती करणार आहे?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "शेतीच करायची, तर शिकवायचं कशाला?"

हे प्रश्न आजचे नाहीत. इथून जवळच, पुण्यात, एका माळ्याच्या घरात ते पावणेदोनशे वर्षांपूर्वी निघाले होते. त्या घरातला जोतिबा नावाचा मुलगा शाळेत जात होता. शिकला तर बिघडेल, कामाला निरुपयोगी होईल, असे लोकांनी बापाच्या मनात भरवले. गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढले आणि मळ्यात कामाला लावले. तीन-एक वर्षे अशीच गेली. मग गफार बेग मुनशी आणि लिजिटसाहेब या दोन शेजाऱ्यांनी बापाची समजूत घातली आणि 1841 च्या सुमारास पोरगा पुन्हा शाळेत गेला. म्हणजे महात्मा फुले घडायचे की नाही, हे शेजारच्या दोन भल्या माणसांवर येऊन ठेपले होते. तुमच्या आळीत आज असे शेजारी किती आहेत, हे तुम्हीच पाहा.

त्या काळी खेड्यात शिक्षण नव्हते असे मात्र समजू नका. गावठी शाळा होत्या. पंतोजी ओसरीवर किंवा देवळात मुले जमवी, धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेई, पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत पाढे घोकून घेई. मोबदला म्हणून त्याला पायली-दोन पायली धान्य मिळे. हिशेबाला ही मुले पक्की होत. पण ती शाळा सर्वांची नव्हती. ज्यांना वहीखात्याचे काम त्यांचीच मुले तिथे असत. ज्याच्या पिकावर त्या वह्या भरायच्या, त्याची मुले गुरांमागे.

पुढे जोतिबांनी 1848 साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाईंनी ती चालवली, हे तुमच्या घरातल्या चौथीच्या मुलालाही ठाऊक आहे. शेतकऱ्याने वाचायला हवा असा त्यांचा दुसरा एक कागद आहे. त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. 1882 साली सरकारने हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखाली शिक्षणाचा विचार करण्यासाठी आयोग नेमला. त्याच्यापुढे 19 ऑक्टोबर 1882 रोजी जोतिबांनी आपले निवेदन मांडले. त्यात त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशी करून दिली.

त्यांचे म्हणणे सरळ होते. सरकारचा महसूल येतो रयतेच्या कष्टातून आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो. म्हणून निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. गुरे राखायला आणि शेतात हाताशी मुले लागतात म्हणून गरीब माणूस त्यांना शाळेत घालत नाही, हे त्यांना माहीत होते. म्हणून सक्तीबरोबर शिष्यवृत्त्या आणि बक्षिसेही ठेवा, असे त्यांनी सांगितले.

आणि शिकवायचे काय? मोडी आणि बालबोध या दोन्ही लिप्यांत लिहिणे-वाचणे, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतकीचे प्राथमिक ज्ञान आणि नीती व आरोग्याचे काही धडे. शेतकी शिकवायची तर शाळेजवळ लहानसे नमुन्याचे शेत असावे, म्हणजे मुलांना प्रत्यक्ष करून पाहता येईल. खेड्यातल्या शाळेत विषय कमी असले तरी चालतील, पण ते व्यवहाराला कमी पडू नयेत.

मास्तराविषयी तर त्यांनी फारच नेमके सांगितले. तो होता होईल तो शेतकरी वर्गातूनच तयार करावा. नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरायची त्याला लाज वाटता कामा नये. पगार बारा रुपयांहून कमी नको आणि मोठ्या गावात पंधरा-वीस तरी हवा. त्याला गावचे हिशेब तपासण्याचे किंवा टपालाचे काम द्यावे, म्हणजे गावात मान राहील. शाळेची तपासणी तीन महिन्यांनी व्हावी आणि अधूनमधून न कळवता व्हावी. (या शेवटच्या सूचनेवर आजही काही मास्तर मान हलवणार नाहीत.) अखेरीस मुलींच्या प्राथमिक शिक्षणासाठी अधिक सढळ हाताने सोय करा, अशी विनंती होती.

सक्तीची मागणी सरकारने तेव्हा मानली नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये ती अमलात आणली. साऱ्या देशात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा हा हक्क म्हणून कायदा लागू झाला तो 1 एप्रिल 2010 रोजी. जोतिबांच्या निवेदनापासून 128 वर्षांनी!

निदान ते आले. नमुन्याच्या शेताचे आणि नांगर धरणाऱ्या मास्तराचे काय झाले?

एक माणूस त्या वाटेने गेला. भाऊराव पाटील. हे गृहस्थ आधी किर्लोस्करांचे नांगर खेडोपाडी विकत हिंडले, तेव्हा शेतकऱ्याचे घर त्यांनी आतून पाहिले होते. 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये ती साताऱ्यात नेली. वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राबत, एकत्र जेवत आणि कमवून शिकत. मुलांची चूल पेटती राहावी म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. 1935 मध्ये संस्थेने खेड्यांसाठी शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेजही काढले.

दुसरा प्रयत्न गांधीजींचा. 1937 मध्ये वर्ध्याला परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे असे ठरले. जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांच्या पाटीवर "जीवन शिक्षण" हे शब्द दिसतात ते त्यातलेच. म्हाताऱ्या मंडळींना शाळेतली टकळी आठवत असेल. ती टिकली नाही, आणि माझ्या मते त्याचा दोष शेतकऱ्याला देता येणार नाही. शहरातल्या साहेबाचा मुलगा इंग्रजी शिकणार आणि आपला मुलगा सूत कातणार, हे बापाला कसे रुचावे? हाताचे काम फक्त खेड्यातल्या मुलांच्या वाट्याला ठेवले, की ते शिक्षण न राहता शिक्षा वाटते.

चाकणच्या पूर्वेला, शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावी, डॉ. कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुले वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, मातीपरीक्षण, जनावरांची निगा ही कामे प्रत्यक्ष करतात आणि करताकरता त्यामागचे शास्त्र व गणित शिकतात. कधी सवड काढून पोराबाळांसह पाहून या.

"पण आमच्या रावेतला शेतच उरले नाही, मग शेतकी शिकून काय करू?" असे कोणी विचारील. तर जोतिबांच्या यादीत शेतकीच्या आधी काय आहे ते पुन्हा पाहा. लिहिणे-वाचणे आणि हिशेब. जमीन विकली जाते ती याच दोन गोष्टींच्या जोरावर, किंवा त्यांच्या अभावी. एक गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, 1,089 चौरस फूट. तुम्हाला भाव सांगतात गुंठ्याचा आणि त्याच जागेवरचे घर विकतात चौरस फुटाने. त्या गुंठ्यावर दुप्पट बांधकाम झाले, तर 2,178 फूट विकले जाणार. हे गणित सातवीच्या मुलाला येते. ते त्याला कोणी घालत नाही, एवढेच.

मग सातबारा. सातवर मालकी आणि इतर हक्क, बारावर पीक. फेरफार, कुलमुखत्यारपत्र, विकसन करारनामा हे शब्द पदवीधर पोरालाही परके वाटतात. कागद त्याच्या हातात असतो आणि वाचून दाखवतो दलाल.

सर्वांत जपायचा कागद म्हणजे हक्कसोड. 2005 च्या कायदा-दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. पण भाव वाढले की बहिणींना गाडी पाठवून बोलावतात, साडीचोळी होते आणि सही घेतात. माहेर तुटेल या भीतीने ती बिचारी कागद उलटूनही पाहत नाही. हक्क सोडायचा की नाही हे तिचे तिने ठरवावे. पण सहीआधी एक प्रत घरी मागून घ्यावी आणि मुलीकडून प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून घ्यावी. भावाने रागावण्यासारखे त्यात काही नाही.

आणि मोडी. स्वातंत्र्यानंतर ती शाळेतून गेली, पण पेटीतले पणज्याचे कागद मोडीतच राहिले. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणारा माणूस शोधत लोक किती वणवण फिरले, ते तुम्ही पाहिलेच आहे. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. कॉलेजात जाणारी एखादी मुलगी घरात असेल, तर तिला त्या वर्गाला घाला. पेटीतले कागद तोवर वाळवीपासून सांभाळा. त्यात कडुलिंबाचा पाला ठेवा आणि मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका, फोटो काढून द्या.