वक्री मंगळाचा गुंता

२०२४ च्या डिसेंबरात पंचांगात ‘मंगळ वक्री’ असं छापलेलं होतं. घरात त्याचा अर्थ ‘मोठी कामं जरा पुढे ढकला’ असा लागला. मी मात्र वही घेऊन गच्चीवर गेलो. मंगळ तेव्हा पुष्य नक्षत्राच्या धूसर पुंजक्याजवळ तांबूस चमकत होता. आजूबाजूचे चार तारे कागदावर ठिपक्यांनी काढले आणि दर आठ-दहा दिवसांनी मंगळाची जागा पेन्सिलीने मांडत गेलो. ग्रह एरवी ताऱ्यांमधून पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात, हा उलटा निघाला होता. जानेवारीच्या मध्याच्या सुमारास तो पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांच्या ओळीत आला, २४ फेब्रुवारीच्या सुमारास थबकला आणि पुन्हा पूर्वेकडे वळला. हात लांब करून मूठ धरली की आकाशातले साधारण दहा अंश झाकले जातात. त्या हिशेबाने त्याने जवळजवळ दोन मुठी माघार घेतली होती.

सूर्यमाला माणसाला कशी कळत गेली, ही गोष्ट सहसा कोपर्निकस, गॅलिलिओ, न्यूटन अशा तीन उड्यांत सांगून संपवतात. मला ती या माघारीपासून सांगावीशी वाटते, कारण खरी झटापट इथे झाली.

पृथ्वी मध्यभागी स्थिर आहे असं मानलं, तर मंगळ मागे का फिरतो? इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या टॉलेमीने याचं जे उत्तर पक्कं केलं, ते असं. जत्रेतल्या चक्रावर बसलेल्या मुलाने दोरीला बांधलेला दगड गरगर फिरवला, तर दगड चक्राबरोबर पुढे जातोच, पण आतल्या बाजूला येताना क्षणभर मागे गेलेला दिसतो. मंगळही एका छोट्या वर्तुळावर फिरतो आणि त्या वर्तुळाचं केंद्र पृथ्वीभोवतीच्या मोठ्या वर्तुळावरून फिरतं. आतल्या बाजूला तो आपल्या जवळ येतो, म्हणून वक्री असताना तो सर्वांत तेजस्वीही दिसतो. एका युक्तीत दोन कोडी सुटली. या कल्पनेला हसणाऱ्यांनी आधी मंगळाचं पुढल्या वर्षीचं स्थान स्वतः वर्तवून पाहावं.

आपल्याकडच्या सिद्धांतग्रंथांतही अशीच मांडणी होती. मंदफल आणि शीघ्रफल असे दोन संस्कार, म्हणजे दुरुस्त्या, देऊन ग्रहाचं स्थान काढायचं. भास्कराचार्यांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ ११५० चा. त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला. तसा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. या गणितात एक गोष्ट उघड लिहिलेली होती: मंगळ, गुरू, शनी या तिघांचं ‘शीघ्रोच्च’, म्हणजे शीघ्रफल ज्यावरून काढतात तो बिंदू, म्हणजे मध्यम (सरासरी गतीने सरकणारा) सूर्य. ग्रह तीन, आणि तिघांच्याही हिशेबात सूर्य डोकावतो! टॉलेमीच्या मांडणीतही तेच. छोट्या वर्तुळाची त्रिज्या कायम पृथ्वी-सूर्य रेषेला समांतर. धागा सगळ्यांच्या हातात होता, ओढायचा बाकी होता. १५०० च्या आसपास केरळात नीलकंठ सोमयाजींनी तो बराचसा ओढला. त्यांच्या मांडणीत पाचही ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य पृथ्वीभोवती.

१५४३ मध्ये कोपर्निकसचं पुस्तक छापून आलं. त्याचं म्हणणं लोकलने प्रवास करणाऱ्याला लगेच पटेल. फास्ट लोकलमधून शेजारच्या रुळावरची स्लो लोकल बघा. ती आपल्याच दिशेने धावत असते, पण लांबच्या इमारतींपुढे ती मागे मागे सरकताना दिसते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने जाते, मंगळ २४ च्या. साधारण ७८० दिवसांनी आपण त्याला आतल्या रुळावरून मागे टाकतो आणि त्या दिवसांत तो वक्री होतो. परवाच्या खेपेला हे ओलांडणं १६ जानेवारी २०२५ ला झालं, वक्री काळाच्या बरोबर मध्याच्या सुमाराला. छोट्या वर्तुळातून डोकावणारा सूर्य म्हणजे आपल्याच पृथ्वीचं फिरणं होतं.

मात्र कोपर्निकसचं गणित टॉलेमीपेक्षा फारसं अचूक नव्हतं. वर्तुळांवरची श्रद्धा सुटली नसल्याने छोटी वर्तुळं त्यालाही ठेवावी लागली. त्याने कारण दिलं, आकडे सुधारले नाहीत.

आकडे आले ते तेव्हा डेन्मार्कच्या असलेल्या व्हेन बेटावरून. टायको ब्राहेने दुर्बिणीच्या आधीच्या त्या काळात नुसत्या डोळ्यांनी, प्रचंड आकाराच्या यंत्रांवर, एक-दोन कलांपर्यंत अचूक वेध घेतले. एका अंशात ६० कला असतात, आणि पौर्णिमेचा चंद्र साधारण ३० कलांचा. १६०० मध्ये प्रागजवळ केप्लर टायकोकडे आला. त्याच्या वाट्याला मंगळ आला. आठ दिवसांत सोडवतो, अशी त्याने पैज मारली. लागली काही वर्षं.

खूप खटपटीनंतर त्याचं वर्तुळ बहुतेक वेधांशी जुळलं, फक्त काही ठिकाणी आठ कलांचा फरक राहिला. चंद्राच्या रुंदीचा जेमतेम चौथा भाग! दुसऱ्या कुणी तो वेध घेणाऱ्याच्या माथी मारला असता. पण वेध टायकोचे होते आणि टायको आठ कला चुकणार नाही, हे केप्लरला ठाऊक होतं. त्याने स्वतःचं वर्तुळ मोडीत काढलं.

मग त्याने जे केलं ते मला सर्वांत सुंदर वाटतं. मंगळाचं वर्ष ६८७ दिवसांचं. म्हणजे ६८७ दिवसांनी मंगळ पुन्हा त्याच जागी येतो. पृथ्वीला दोन फेऱ्यांसाठी ७३० दिवस लागतात, म्हणून तेव्हा ती ४३ दिवसांची वाट मागे असते. एकाच जागच्या मंगळाकडे दोन वेगळ्या ठिकाणांहून पाहिलेलं असलं, की जमीन मोजणाऱ्यासारखा त्रिकोण मांडता येतो. टायकोच्या वह्यांतून ६८७ दिवसांच्या अंतराने घेतलेले वेध वेचून केप्लरने आधी पृथ्वीची कक्षा तपासली आणि मग मंगळाची, बिंदूबिंदूने. ते बिंदू दोन बाजूंना वर्तुळाच्या किंचित आत पडत होते. कक्षा लंबवर्तुळाकार होती. १६०९ मध्ये त्याने ते छापलं.

हे लंबवर्तुळ पुस्तकांत अंड्यासारखं काढतात, ते खोटं. फळीवर एक मीटर लांबीची मंगळाची कक्षा आखली, तर तिची रुंदी फक्त चार मिलिमीटरने कमी भरेल. डोळ्यांना वर्तुळच दिसेल. पण सूर्य मात्र मध्यापासून साडेचार सेंटिमीटरहून अधिक बाजूला असेल, आणि हे सहज दिसतं.

तरी हा सगळा नकाशा प्रमाणाचाच होता, त्यात किलोमीटर नव्हते. १६७२ मध्ये मंगळ जवळ आलेला असताना पॅरिसहून कासिनीने आणि दक्षिण अमेरिकेतल्या केयेनहून रिशेने त्याचे वेध घेतले. त्यांतल्या बारीक फरकावरून सूर्याचं अंतर सुमारे १४ कोटी किलोमीटर निघालं. आज ते १५ कोटींना जरा कमी भरतं.

सूर्य मंगळाच्या कक्षेच्या मध्यापासून बाजूला असल्याने आपण मंगळाला कधी जवळून ओलांडतो, कधी लांबून. हा परिणाम घरबसल्या दिसतो. २००३ च्या ऑगस्टात मंगळ आपल्यापासून साडेपाच कोटी किलोमीटरच्या थोडा पलीकडे होता आणि डोळ्यांत भरेल असा पेटलेला दिसे. पुढची खेप १९ फेब्रुवारी २०२७ ची, अंतर दहा कोटींच्या आसपास. तो बराच मंद असेल. १० जानेवारीच्या सुमारास तो वक्री होईल आणि मघेच्या ठळक ताऱ्याच्या उत्तरेला, अर्ध्या मुठीपेक्षा कमी अंतरावरून मागे जाईल. वही जपून ठेवली आहे.