ऐच्छिक विषयांच्या रकान्यातील कुस्ती

जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धांचा (पूर्वी त्यांस युनिव्हर्सियाड म्हणत) आरंभ १९५९ साली इटलीतील तूरिन येथे झाला. २०२५ च्या जुलैमध्ये जर्मनीत ऱ्हाइन-रुहर येथे भरलेली स्पर्धा ही उन्हाळी मालिकेतील ३२ वी. या ३२ पैकी कुस्ती किती वेळा खेळली गेली? अवघी पाच वेळा : मॉस्को (१९७३), सोफिया (१९७७), बुखारेस्ट (१९८१), इझमिर (२००५) आणि कझान (२०१३).

ही पाच नावे एकापुढे एक ठेवली की उलगडा आपोआप होतो. सारीच शहरे मल्लविद्येत बलाढ्य असलेल्या देशांतील. या स्पर्धांत काही खेळ अनिवार्य असतात, तर काही यजमानाने निवडायचे. जुदो, तायक्वांदो आणि तलवारबाजी अनिवार्य. कुस्ती मात्र ऐच्छिक. निवडीचा अधिकार हाती असलेला यजमान आपल्या पदकांची बेगमी होईल असेच खेळ निवडणार, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. कझानला तर कुस्तीबरोबर साम्बो आणि तातारांच्या मातीतली कमरपट्ट्याची कुस्तीही होती. २७ खेळांच्या त्या महोत्सवात रशियाने १५५ सुवर्णपदके मिळविली!

यजमानाला दोष देण्यात अर्थ नाही. किंमत मोजतो ती विद्यार्थी-मल्लांची पिढी. वयोमर्यादेमुळे खेळाडूला फार तर तीन-चार संधी मिळतात, आणि बुखारेस्ट ते इझमिर हे अंतर २४ वर्षांचे आहे. या काळात कित्येक मल्ल विद्यापीठात आले, पदवी घेऊन गेले. महोत्सवाचा आखाडा त्यांच्या वाट्याला आलाच नाही.

यावर उत्तर असे दिले जाते की, कुस्तीसाठी विद्यापीठांची स्वतंत्र जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आहेच. ती आहे, हे खरे. परंतु क्रीडाखात्याचा पैसा, वृत्तपत्रांतील जागा आणि विद्यापीठांचा उत्साह महोत्सवाच्या मागे धावतो. एकट्यादुकट्या स्पर्धेला उरलेसुरले मिळते. ऐच्छिक विषयाच्या शिक्षकाची जागा किती वर्षे रिकामी राहते, हे आमच्या महाविद्यालयांत कोणालाही विचारावे.

खुद्द ऑलिंपिकमध्येही कुस्ती निर्धास्त नव्हती. फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२० च्या मूळ खेळांतून तिला वगळण्याची शिफारस केली. सप्टेंबरमध्ये मतदान होऊन ती परत आली. कझानचा महोत्सव नेमका या दोहोंच्या मधल्या जुलैत भरला होता. ज्या खेळाचे भवितव्य टांगणीला लागले होते, त्याला विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात तरी हक्काची जागा असावयास हवी होती.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका वाटू नये. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. तिचे कौतुक आपण पुष्कळ केले. परंतु खेळाडूचा खर्च संस्थेऐवजी एका शिक्षकाच्या घरावर पडावा, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

तिन्ही प्रकारांतील सर्व वजनगट एकदम अनिवार्य करणे खर्चाचे होईल, हे मान्य. निदान मुक्त शैलीतील मुलामुलींचे मोजके गट तरी त्या यादीत घालावेत. पोहण्याच्या तलावापेक्षा कुस्तीची मॅट खचितच स्वस्त पडते, आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेत विजयी झालेल्या मल्लाला पुढे कोठे जावयाचे, हे विद्यापीठाला आधीच सांगता येईल.